दिवे बंद करू नका

आमच्या प्रयोगशाळेत सेमिनार सुरू होण्याआधी कुणीतरी उठून दिवे बंद करायचं. तशी पद्धतच होती, सांगावं लागायचं नाही. पेशींमधल्या बारीक धाग्यांना चमकणारा रंग लावायचा, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो काढायचे आणि अंधारात पडद्यावर दाखवायचे, हे आमचं काम. काळ्या पडद्यावर हिरवे धागे उजळले की सगळ्यांच्या तोंडून 'वा' निघायचं. निघत असावं. मला ते ऐकू यायचं नाही, आणि अंधारात कुणाचं तोंडही दिसायचं नाही.

लहानपणी तापात माझा एक कान गेला, दुसरा अर्धामुर्धा राहिला. त्या अर्ध्यात यंत्र, यंत्रावर केस, आणि बाकीचं मी समोरच्याच्या ओठांवरून वाचते. घाटकोपरच्या आमच्या चाळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला बोलवायचं तर तिथे माणसं खांद्याला हात लावायची. पण पीएचडीला प्रवेश मिळाला तेव्हा बाबा म्हणाले, "आधी त्यांना तुझं काम दिसू दे. मग सांग." मला पटलं. 'बिचारी' म्हणून कुणी खुर्ची पुढे केली की ते आजही माझ्या डोक्यात जातं.

पहिल्या वर्षाच्या परीक्षणाला समिती बसली, दिवे बंद झाले. माझं बोलून झालं आणि अंधारातून प्रश्न आले. जे काही कानावर पडलं त्यावरून अंदाज बांधत मी उत्तरं दिली, तीही भलत्याच प्रश्नांची. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी नंतर समितीचं मत सांगितलं: मुलगी कष्टाळू आहे, पण विषय कळलेला नाही, पुढच्या वर्षी असंच झालं तर शिष्यवृत्ती थांबेल. विषय कळलेला नाही! राग इतका आला की मी सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसून राहिले.

तिथेच भांडण झालं. मालाडहून येणारी माझी एक सीनियर होती, तोंडाने फटकळ. तिने खाडकन दिवा लावला आणि समोर येऊन उभी राहिली.

"किती हाका मारल्या तुला! इथे बसलीस की उत्तरच देत नाहीस. भाव खातेस काय गं?"

"मला नीट ऐकू येत नाही," मी म्हणाले. "ओठ बघून कळतं. अंधारात तेही नाही."

"मग सेमिनारला काय करतेस?"

"बसते."

"वाट लागली ना यार. आणि दर वेळी दिवे मीच बंद करते! चल, मॅडमना सांगू."

"नको. मला कुणाची दया नकोय."

"दया गेली खड्ड्यात. तुझी स्कॉलरशिप जाईल ना!"

मॅडम हळव्याबिळव्या झाल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "उजेडात, समोर बसून बोललं तर कळतं?" मी हो म्हणाले. "मग दिवे चालू," त्या म्हणाल्या.

बोलायला सोपं. उजेडात आमचे फोटो दिसेनात. पडद्यावर नुसता करडा चौकोन. आम्ही खिडक्यांचे पडदे ओढले, प्रोजेक्टर पुढे-मागे केला, काही जमेना. शेवटी सीनियरने वैतागून फोटोचे रंग उलटे केले. पार्श्वभूमी पांढरी, धागे काळे. बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्सवर गळलेले केस दिसावेत तसे ते दिसत होते. मॅडमनी नाक मुरडलं. इतकी वर्षं मरमर करून काढलेले सुंदर फोटो, आणि हे? मग त्या खुर्चीतून पुढे वाकल्या. "थांब. हा कडेचा बारीक धागा आधी कुठे दिसत होता?"

तेव्हापासून आमचे सेमिनार उजेडात होऊ लागले. बटणावर सीनियरने चिकटपट्टी मारली. खुर्च्या गोल मांडल्या आणि एका वेळी एकानेच बोलायचं ठरलं. आमच्याकडे हे सगळ्यात अवघड गेलं, कारण इथे दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होऊ देण्याची कुणाला सवयच नाही. दर आठवड्याला सगळे मिळून खोटं परीक्षण घ्यायचे, मला प्रश्नांनी पार पिळून काढायचे. मला ते फार आवडायचं. माझ्याशी कुणीतरी वाद घालत होतं.

दुसऱ्या परीक्षणाआधी मॅडमनी विचारलं, "समितीला मी सांगू का?"

"मी सांगते," मी म्हणाले.

समिती तीच होती. एक सर सवयीने बटणाकडे निघाले.

"सर, दिवे बंद करू नका. मला ऐकू कमी येतं, मी ओठ वाचते. मागच्या वर्षी मला तुमचे प्रश्नच कळले नव्हते."

सर खाली बसले. मी बोलले, प्रश्न आले, समितीतल्या बाकी दोघांचे नीट कळले. पण बटणाकडे निघालेल्या सरांच्या मिशा अशा झुपकेदार, की वरच्या ओठाचा पत्ताच नाही. आता एवढं बोललेच आहे तर हेही बोलू, असं वाटलं.

"सर, तुमच्या मिशा आड येतायत."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. सर मात्र उठले, फळ्याकडे गेले आणि त्यांनी प्रश्न लिहून दाखवला. मी उत्तर दिलं. त्यांनी खाली दुसरा प्रश्न लिहिला, मी त्याचंही दिलं. फळा भरत गेला. शिष्यवृत्ती राहिली. बाहेर सीनियर उभीच होती. तिने मला इतकं घट्ट धरलं की कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं.

त्याच्या पुढच्या वर्षी समितीत तेच सर होते. दिवे आधीच लावलेले होते. सर माझ्याकडे वळले आणि मी बघतच राहिले, कारण मिशा बारीक कातरलेल्या होत्या. मला त्यांचा वरचा ओठ पहिल्यांदाच दिसला. त्यांनी सावकाश एक प्रश्न विचारला आणि तो मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कळला. भयंकर अवघड होता.

"माहीत नाही, सर," मी म्हणाले. हे सांगताना मला इतका आनंद झाला की हसू आवरेना.