पिशवीतले पाच दगड

“वाच की रं आधी! शामा, वाचल्याबिगर सही करू नगंस!” चौकीतल्या बाकड्यावरून कांबळे मास्तर असे ओरडले की रंकाळ्यातले मासेसुद्धा दचकले असतील. पाण्यासाठी पेठेतल्या बायकांनी घागरी मांडून रस्ता अडवला होता. त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या मास्तरांना पोलिसांनी धरून आणलं होतं. फौजदारांनी पंचनामा माझ्यापुढं सरकवला. मी सही ठोकून मोकळा झालो.

माझं पंक्चरचं दुकान चौकीला चिकटून. पंच पाहिजे झाला की हाक मलाच. निम्म्या कोल्हापूरचे पंचनामे माझ्या सहीवर उभे आहेत म्हणा. एकदा तर चोरीची म्हैस सापडल्याचा मी पंच होतो. ती म्हैस मी अजून बघितलेली नाही.

मास्तर नेमके उलटे. पालिकेच्या शाळेत सातवीला शिकवायचे. लग्नपत्रिकासुद्धा खाली छापखान्याच्या नावापर्यंत वाचून मगच खिशात घालायचे. रजिस्टर पत्र आलं की पोस्टमनला पाणी देऊन बसवायचे आणि पावतीवरचं बारीक अक्षर संपेपर्यंत उठू द्यायचे नाहीत. मोर्चात पोलीस आडवे आले की शांतपणे म्हणायचे, “अडवा की साहेब. पण कुठल्या हुकमानं, तेवढं लिहून द्या.” साहेबांना शिवी चालते, हे चालत नाही.

त्या दिवशी मास्तरांच्या पिशवीत सातवीच्या वह्या होत्या. मी या डोळ्यांनी बघितल्या होत्या. संध्याकाळी पेठेत कळलं, कागदावर पिशवीत दगड सापडलेत आणि खाली माझी सही आहे. त्या सहीवर मास्तर निलंबित झाले.

चार वर्षांनी खटला उभा राहिला. खरं सांगायचं ठरवूनच कोर्टात गेलो होतो. पण समोर फौजदार दिसले आणि चौकीला चिकटलेलं दुकान आठवलं.

“दगड बघितले?” सरकारी वकिलांनी विचारलं.

“बघितले.”

“किती होते?”

कागद वाचलाय कुणी? जीभ सवयीनं सुटली. “पंचवीस तरी असतील साहेब! एकेक नारळाएवढा!”

कागदावर पाच होते. मास्तरांच्या वकिलांनी ती एवढीशी कापडी पिशवी वर धरली. कोर्ट हसलं, मास्तर सुटले.

‘मास्तरांना मीच सोडवलं’ ही गोष्ट मी तिखटमीठ लावून पेठभर सांगितली. निकालाच्या आधीच मास्तरांचं निवृत्तीचं वय होऊन गेलं होतं, सातवीच्या वर्गात ते परत कधी उभे राहिलेच नाहीत, एवढा भाग तेवढा गाळायचो.

शेवटी एकदा त्यांच्या घरी गेलो. “मास्तर, चुकलं माझं.”

त्यांनी टेबलावरचा एक कागद पुढं केला. खाली पेठेतल्या दहा-बारा सह्या होत्या. मला भरून आलं. एवढं करूनही या माणसाला माझी सही चालते! घाईघाईनं सही केली आणि डोळे पुसले.

मास्तरांनी कागद परत घेतला, सही बघितली.

“परत वाचलं न्हाईस,” ते म्हणाले.