आमोसची आय

दयाबाई सोनईच्या ख्रिस्ती वस्तीतली सुईण. तिला वाचता येत नव्हतं. तिचा एकुलता एक मुलगा आमोस एकेचाळीस साली फौजेत गेला, तेव्हापासून त्याची पत्रं शांतवन मास्तर तिला वाचून दाखवायचे.

एका पत्रात आमोसनं लिहिलं होतं, "आमचा गोरा साहेब सारखा 'आय, आय' करतो. इंग्रजीत 'आय' म्हणजे 'मी'. पहिल्या दिवशी मला वाटलं, यालापण घरची आठवण येतेय." दयाबाई हसली. तेवढी ओळ तिनं तीनदा वाचून घेतली.

बेचाळीसच्या फेब्रुवारीत आमोसची पलटण होती ते सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. पत्रं थांबली.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी मास्तरांनी चर्चमध्ये बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकातला अध्याय वाचला. त्यात आय नावाचं नगर जाळलं जातं. उपासना संपल्यावर दयाबाईनं विचारलं, "मास्तर, गावाला आय का म्हनत्यात?"

"हिब्रू नाव आहे. ढिगारा असा अर्थ सांगतात. पडलेल्या घरांचा ढिगारा."

 पुढचे दोन रविवार दयाबाई चर्चला आलीच नाही.

लढाई संपली. शेहेचाळीसच्या सुरुवातीला काष्टी गावचा कानिफनाथ तिच्या दारात उभा राहिला. आमोस आणि तो जपान्यांच्या एकाच छावणीत कैदी होते.

"हिवतापानं गेला, मावशी," तो म्हणाला.

दयाबाई उंबऱ्यावर बसली. तिनं विचारलं, "शेवटाला काय म्हनला?"

"तापात नुसता 'आय, आय' करायचा. पहाऱ्यावरल्या जपानी शिपायाला मोडकं इंग्रजी यायचं. त्यानं इचारलं, ह्यो असं का म्हनतो? त्यांच्या जपानीत आय म्हंजी माया, म्हनला. म्या सांगितलं, आमी आईला म्हनतो.  मग आपल्या बाटलीतलं पानी त्यानं आमोसच्या तोंडात घातलं."

"त्या शिपायाला आय हुती का रं?"

"न्हाई इचारलं, मावशी."

"इचारायचं हुतंस." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तू घरी आयला भेटून आलास?"

"न्हाई. आधी हितं आलो."

"मग ऊठ."

तिनं भाकरी फडक्यात बांधून दिल्या आणि वेशीपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेली. तिथं तिनं त्याचा दंड धरला.

"तिला लांबूनच हाक मार," ती म्हणाली. "दारात जाऊस्तोवर थांबू नगं."

कानिफनाथ मान हलवून निघाला. दयाबाई परत फिरली. वस्तीतल्या एका बाळंतिणीला शेक द्यायचा राहिला होता.