लावरीसाठी स्थळ

निलंग्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या अण्णांना माणूस दिसायचाच नाही, स्थळ दिसायचं. दवाखान्यात सलाईन लावून पडलेल्या पोरालाही ते आधी "जमलं का कुठं?" असं विचारायचे आणि तब्येतीची चौकशी मग करायचे. सोयरिकी जुळवणं हा त्यांचा धंदा नव्हता, खोड होती. मोबाईल आल्यावर सगळ्या जिल्ह्याचे बायोडाटा त्यांच्या खिशात वाजू लागले. भर पंगतीत एका हातानं वरण ओरपत ते दुसऱ्या हातानं फोटो पुढे सरकवत.

तत्त्वाला मात्र पक्के. बायको गेलेल्या माणसासाठी ते तेराव्याच्या जेवणातच नवं स्थळ काढायचे. "गड्याचं घर बाईबिगर चालत न्हाई," म्हणायचे. नवरा गेलेल्या बाईचा विषय कुणी काढला की कानाची पाळी धरायचे. "ते पाप आपल्याच्यानं व्हायचं न्हाई. तिचं नशीब." ऐकणारे माना डोलवायचे. तेवढ्यात आतून चहा यायचा, तो घेऊन येणारी त्यांची मुलगी ज्योतीताई. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा अपघातात गेला आणि ती माहेरी आली ती आलीच. कप ठेवून ती निमूट आत जायची.

एकदा सोयरीक जमवल्याच्या खुशीत मुलाकडच्यांनी अण्णांना लावा पक्ष्यांची जोडी दिली, एक लावा आणि एक लावरी. उदगीर रस्त्यावरच्या कादरभाईंच्या बटेर फार्मवरून मुद्दाम आणलेली. देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे झणझणीत रस्सा होता, पण अण्णांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे. परत करावी तर ती मंडळी दुखावतील, म्हणून जोडी ओसरीवर पिंजऱ्यात राहिली आणि अण्णांना तिचा लळा लागला. लावरीची अंडी ते तोंड फिरवून आमच्या आईच्या हातात ठेवायचे आणि घरी जाऊन हात धुवायचे.

मग अण्णांनीच जमवलेल्या एका लग्नाची वरात डीजे लावून आमच्या गल्लीतून गेली. घराघरातली भांडी वाजली. लावा दचकून वर उसळला आणि पिंजऱ्याच्या छतावर डोकं आपटून जागीच गेला. अण्णांनी त्याला लिंबाखाली पुरलं. लावरी कोपऱ्यात अंग फुगवून बसली. राळं टाकलं, भिजवलेली ज्वारी ठेवली, ती चोच लावेना.

"झुरून राहिली ती. दुसरा नर आणा, न्हाई तर ही बी जाईल," आईनं सांगितलं.

झालं, अण्णा कामाला लागले. मला मोटारसायकल काढायला लावून थेट कादरभाईंकडे. कादरभाईंनी टोपलीभर नर पुढे केले.

"आमची लावरी बी इथलीच. मग हे तिचे कोण?" अण्णांनी विचारलं.

"सगळे अंडी उबवायच्या एकाच मशीनमधून निघालेत, अण्णा. भाऊ समजा, चुलतभाऊ समजा."

अण्णांनी टोपलीवर झाकण ठेवलं. "भाऊकीत जमत न्हाई. पहिली जोडी काय मी जमवली नव्हती."

"अल्ला के वास्ते, अण्णा! परिंदा हाय तो!"

अण्णा बधले नाहीत. तिकडे लावरी उपाशी आणि इकडे गोत्र आडवं. अखेर कादरभाईंच्या साडूचं कंधारला वेगळं फार्म असल्याचं निघालं. दुसऱ्या दिवशी अण्णा एसटीनं कंधारला गेले आणि मांडीवरच्या खोक्यात नर घेऊन परत आले.

ओसरीवर गल्ली जमली. सगळे हसत होते. "अण्णा, बाईचं दुसरं लावून द्यायले तुम्ही?" कुणीतरी म्हणालं.

अण्णा चिडले. "मुका जीव हाय तो! जोडीत राहायची सवय तिला. अन्नपाणी सोडलं तिनं, दिसत न्हाई का तुम्हाला?"

ज्योतीताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "अण्णा, मी दोन्ही टायमाला जेवून राहिले, मनून तुमच्या ध्यानात आलं न्हाई का?"

चहा न घेताच ओसरी रिकामी झाली. पिंजऱ्यात मध्ये जाळी लावून नर पलीकडे सोडला. संध्याकाळी त्याच्याकडे बघत बघत लावरीनं राळं टिपलं. अण्णा मात्र जेवले नाहीत.

सकाळपासून ते मुलीसाठी फोन करू लागले. ज्यांचे संसार त्यांनी मांडून दिले होते तीच माणसं पलीकडून म्हणायची, "ते पाप आमच्याच्यानं व्हायचं न्हाई, अण्णा. तुम्हीच सांगत होता." बिजवरांनाही कुमारीच पाहिजे होती, आणि ती चटक अण्णांनीच लावलेली. हळूहळू त्यांना लग्नाच्या बैठकीला बोलावणंही बंद झालं. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा.

शेवटी हिमायतनगरचा एक कंपाउंडर फोनवर म्हणाला, "मला चालतात हो. मी त्यांना चालतो का, ते विचारा." आयुष्यभर अण्णांनी कुठल्या मुलीला असं विचारलं नव्हतं. फोन हातात तसाच धरून ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि खाली मान घालून त्यांनी विचारलं.

लग्न नांदेडला नोंदणी पद्धतीनं झालं. वऱ्हाड एका जीपमध्ये मावलं. आमच्याकडे लग्न लागलं की मध्यस्थाला टॉवेल-टोपीचा आहेर करतात. अण्णांच्या कपाटात तसले टॉवेल रचून ठेवलेले होते. त्या दिवशी आहेर करायचं कुणाच्या लक्षात नव्हतं आणि मध्यस्थ म्हणजे तर मुलीचा बापच. सह्या झाल्यावर ज्योतीताईनं आपल्या पिशवीतून टोपी काढून अण्णांच्या डोक्यावर ठेवली, टॉवेल हातात दिला आणि पाया पडली.

"मध्यस्थाचा मान हाय, अण्णा. घ्या."

त्या कोऱ्या टॉवेलात तोंड खुपसून अण्णा रडत राहिले, आणि जावई बिचारा जीपचं दार धरून उभा राहिला.