तारा तोडलेली घंटा

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. अमावास्येला गावाला जाऊ नये असं कोणी म्हटलं, की मुद्दाम त्याच दिवशीची एसटी धरणारी मी. त्यामुळे हे लिहायला बसताना संकोच वाटतोय... पण मी एकटीनेच ऐकलं असतं तर भास म्हणून कधीच सोडून दिलं असतं. आम्ही तिघांनी ऐकलं.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. माझं माहेर जळगावचं, मेहरूणमधलं. लग्न होऊन धुळ्याला आले आणि लवकरच ह्यांनी जुन्या धुळ्यात एका मारवाडी कापड व्यापाऱ्याचं घर विकत घेतलं. ते कुटुंब दुकान हलवून जळगावला राहायला गेलं होतं. घर भक्कम, पण वायरिंग फार जुनं. लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या, कापड गुंडाळलेल्या तारा. कापड कुजून ठिकठिकाणी तांबं उघडं पडलेलं. पावसाळ्यात मधल्या खोलीच्या भिंतीला हात लागला की मुंग्या यायच्या. एकदा सासऱ्यांना — आम्ही त्यांना आबा म्हणायचो — असा झटका बसला की हातातला तांब्या लांब जाऊन पडला. आबा शिंदखेड्याकडचे, घरात अहिराणीच बोलायचे. त्या संध्याकाळी सगळ्याच तारा बदलायला सांगत ह्यांना म्हणाले, "बठ्ठ्या तारा काढी टाक. घरमा लेकरू येनार शे."

मला दिवस गेले होते. आधीच प्रत्येक गोष्टीची धास्ती, त्यात हे. पाऊस थांबल्याबरोबर काम काढलं.

युसूफभाई नावाचे वायरमन आले. बोलके, हसतमुख. स्वयंपाकघराच्या दारावर वाटीएवढी एक विजेची घंटा होती आणि तिचं बटण पार आतल्या खोलीत, जिथे पूर्वी पलंग असावा अशा जागी. आम्ही ती वाजलेली कधी ऐकली नव्हती. युसूफभाईंनी पहिल्याच दिवशी तिच्या तारा तोडल्या. बटणही उखडून पिशवीत टाकलं. घंटेचे स्क्रू मात्र गंजून बसलेले, म्हणून म्हणाले, "वहिनी, ही उद्या काढतो." घंटा तशीच भिंतीवर राहिली, खाली वीतभर तुटक्या तारा लोंबत.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे ऑफिसात होते. आबा ओट्यावर बसलेले. गल्लीतली लाईट सकाळपासून गेलेली. युसूफभाईंनी तरीही आमचा मेन फ्यूज काढून ठेवला, मधल्या खोलीतल्या तारेला टेस्टर लावून पाहिला आणि शिडीवर चढले. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते.

आणि डोक्यावरची घंटा वाजायला लागली.

एकदा टण् करून थांबली असं नाही. कोणी बटणावर बोट दाबून धरावं तशी... सलग, घोगरी. सूप माझ्या हातातून सुटलं. युसूफभाई हातात पक्कड घेऊन धावत आले आणि दारातच थबकले. तुटक्या तारा हवेत थरथरत होत्या.

"मी कालच तोडल्यात ना ह्या..." ते पुटपुटले.

तेवढ्यात ओट्यावरून आबा आले. घंटेकडे त्यांनी पाहिलंही नाही. आतल्या खोलीकडे बोट करून म्हणाले, "तठे कोन शे?"

खोलीत कोणी असणं शक्यच नव्हतं. तरी आम्ही तिघंही गेलो. मी आबांच्या सदऱ्याला धरून. उंबरा ओलांडला आणि घंटा थांबली. खोली रिकामी. बटणाच्या जागी भिंतीत नुसतं भोक.

आम्ही तसेच उभे असताना शेजारच्या घरातला रेडिओ एकदम सुरू झाला. म्हणजे लाईट आली. त्याच क्षणी मधल्या खोलीत फट्‌ आवाज झाला आणि जळका वास आला.

जाऊन पाहिलं तर युसूफभाई शिडीवर ज्या तारेवर काम करत होते, तिचं उघडं टोक लोखंडी नळाला टेकून काळं पडलं होतं. आमचा फ्यूज तर बाहेर काढलेला. मग कळलं — शेजारचं घर आणि आमचं घर एकेकाळी एकच होतं. त्यांच्या लाईनीचा एक जोड भिंतीच्या गिलाव्याखालून आमच्याकडे आलेला होता. गल्लीत लाईट नव्हती म्हणून टेस्टर पेटला नव्हता.

युसूफभाईंनी हातातली पक्कड जमिनीवर ठेवली. "वहिनी, तीच तार सोलत होतो मी," एवढंच बोलले.

शेजारचा जोड तोडला, नवं वायरिंग झालं, घंटाही उतरवली. ह्यांनी हसण्यावारी नेलं. ठोकाठोकीने स्प्रिंग सुटली असेल म्हणाले. पण ती वाजली तेव्हा गल्लीत वीजच नव्हती, आणि वीज आली तेव्हा ती थांबलेली होती. हे मी कितीदा मनात घोळवलं. पुढे कितीतरी दिवस मला स्वयंपाकघरात एकटं बसवत नव्हतं. भांड्याला भांडं लागलं तरी नजर दारावर जायची.

बाळंतपणाला मी जळगावला गेले. घर विकणाऱ्या शेटजींच्या पत्नी, काकी, मला भेटायला आल्या. राहवलं नाही, सगळं सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं.

काकींनी कपबशी खाली ठेवली. "सासूबाईंसाठी बसवली होती ती घंटा," त्या म्हणाल्या. "अर्धांगवायूने त्यांची वाचा गेलेली. दिवसभर वाजवायच्या. पाणी हवं, कूस बदलायची, कधी नुसतं कोणी जवळ बसावं म्हणून. घरात माणसं एवढी, कामं एवढी... शेवटी मीच घंटेची एक तार सुटी करून ठेवली, वाजूच नये म्हणून. त्या बटण दाबत राहायच्या. मला दारातून दिसायचं."

मी त्यांच्या जवळ सरकून बसले.

मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी खोलीत कोणी गेलं का गं?"

"गेलो. तिघंही गेलो."

"लगेच?"

"लगेच, काकी."

त्यांनी मान हलवली आणि पदराने डोळे पुसले.

ती घंटा युसूफभाईंसाठी वाजली, की आणखी कशासाठी, की या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंधच नाही — मला ठाऊक नाही. तुटलेल्या तारांवर ती वाजली कशी, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. काकींनी मात्र ते मला विचारलंच नाही.