पाटलानं भेट दिलेली बाची काठी

देविदास, धम्म घेतला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी दिल्लीच्या नोकरीसाठी निघालो, तेव्हा तू बडनेऱ्याच्या फलाटावर रडत होतास. आपला बा मात्र दटावून म्हणाला, "मांगं पाहू नोको. इथं पाह्यासारखं काई नाई."

आठ वर्षांनी सुट्टीत आलो. दफ्तर, क्वार्टर, साहब असं बोलायची सवय लागलेली. अंगात पँट, डोक्यात हवा. तालुक्याला वाचनालयामागं जुन्या वस्तूंचं संग्रहालय उघडलं म्हणून बाला मीच हौसेनं नेलं. दिल्लीत अशी पाहिली होती ना!

आत सगळं पाटलाघरचं. पानदान, तलवार, चांदीच्या मुठीचा चाबूक. आणि कोपऱ्यात घुंगरं लावलेली बाची काठी. ती वाजवत त्यानं दवंडी दिली, साहेबाच्या घोड्यापुढं धावला, दारोदार शिळी भाकर मागितली. धम्म घेतला त्याच आठवड्यात ती चावडीच्या पायरीवर टाकून आला होता. "आता तुमीच वाजवा," म्हणाला होता. आता तिच्याखाली चिठ्ठी: 'ग्रामजीवनाचे वैभव. पाटील घराण्याकडून भेट.' वैभव म्हणे! थुंकावंसं वाटलं.

संग्रहालय सांभाळणारे गुरुजी बाला ओळखत होते, ते मात्र खूश. "अरे वा, ज्याची काठी तोच आला! बाबा, जरा हातात धरा, फोटो काढू."

दिल्लीतला बाबू मी, दात काढत उभा. बानं काठी घेतली, पायातल्या वहाणा काढल्या आणि उंबऱ्याबाहेर जाऊन मान खाली घालून उभा राहिला. कोणी सांगितलं नव्हतं. "झकास!" गुरुजी म्हणाले अन् फोटो निघाला.

एसटीत बा एवढंच बोलला, "काहून आणलं रे मले इथं?" मला माझीच किळस आली. अजून येते.

पुढच्या महिन्यात त्याला इकडं घेऊन आलो. क्वार्टरला एकच खोली, तिच्यात मधोमध बाची खाट. शेजारचे शर्माजी येतात, वरचे साहेबही येतात. बा पाय पसरूनच म्हणतो, "या, बसा."

आणि तू लिहितोस, तो फोटो संग्रहालयाच्या भिंतीवर लागला, आपल्या घराचा मान वाढला. आग लागो त्या मानाले! गावाले काहून येत नाई म्हणून विचारतं ना? पहिले तो फोटो उतरव. तोवर जिथं बाची खाट आहे, तेच आपलं घर.