न पाहिलेला कौल

देवाधर्माबद्दल लिहावं अशी माझी काही पात्रता नाही. तरीही लिहितो आहे, म्हणून आधीच क्षमा मागतो. देवाच्या कृपेचे अनुभव मी वाचलेले आहेत. ते लिहिणाऱ्यांनी वर्षानुवर्षं उपासना केलेली असते. मी नेमाने एखादं स्तोत्रसुद्धा म्हणत नाही. कॉलेजात शिकणारा मुलगा आहे, आणि सध्या तेही नीट न जमणारा. ज्या पेपरमुळे हे सगळं घडलं तो मी पुन्हा दिला आहे, आणि त्याचा निकाल अजून लागलेला नाही. तो लागल्यावर लिहिलं तर आभार निकालाचे होतील अशी भीती वाटते. म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

भिवपुरीच्या अलीकडे आमचं गाव. भाताची थोडी शेती आहे, आणि बाबा एका फार्महाऊसवर बागकाम करतात. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चौथीत मी एकदा पाहुण्यांसमोर कविता न अडखळता म्हणून दाखवली, तेव्हापासून मी ‘हुशार’ झालो. लावणीच्या दिवसांत मी बांधावर आलो की शेजारच्या काकू ओरडायच्या, “त्याला कशाला चिखलात घालता? सायेब हाय तो!” सगळे हसायचे, आणि मी खरंच परत घरी जाऊन पुस्तक उघडून बसायचो. मी कोण आहे हे मी कधी शोधलंच नाही. ते मला आयतं मिळालं होतं.

कर्जतला कॉलेजात गेलो आणि पहिल्याच महिन्यात वर्गात उभा राहून म्हणालो, “सर, मला हे समजलं नाय.” सरांनी पुन्हा समजावलं, त्यांची काही चूक नाही. पण मागून कुणीतरी तोच ‘नाय’ लांबवून म्हटला आणि वर्ग हसला. एवढंच. त्या दिवसापासून मी मागच्या बाकावर बसू लागलो आणि प्रश्न विचारणं बंद केलं. गावाने मला हुशार म्हटलं ते मी जसं मानलं होतं, तसंच वर्गाने मला ढ ठरवलं तेही मानलं. दोन्ही वेळा माझं स्वतःचं असं काही मत नव्हतं.

मग भौतिकशास्त्राचा पेपर राहिला. पुन्हा दिला, पुन्हा राहिला. भिसेगावला राहणारा वर्गातला एक मित्र आहे, त्याचे आईवडील दोघंही शिक्षक. त्याचाही तोच पेपर राहिला होता. तो कँटीनमध्ये वडापाव खात म्हणाला, “उडालं यार फिजिक्स. सर्किटच्या गणितात माती खाल्ली.” त्याचा एक पेपर गेला होता, माझं सगळंच गेलं होतं. नंतर मी इतका थकलो की सकाळी उठून बुटाची नाडी बांधायचीही इच्छा व्हायची नाही. अंगाला काही कष्ट नव्हते. दिवसभर मनात स्वतःला तोलत बसायचो, एवढंच काम होतं, आणि त्यानेच जीव शिणून जायचा. झोप लागत नव्हती. खालापूरकडच्या एका गोदामात माणसं हवी आहेत असं कळलं होतं. कॉलेज सोडून तिकडे लागावं, असं जवळजवळ ठरवलं होतं.

घरी तसं सांगितलं. आई म्हणाली, “सोडायचं तर सोड. पन आदी मामाच्या गावच्या देवीला कौल लाव.”

मामाचं गाव खालापूर तालुक्यात आहे. तिथल्या गावदेवीच्या देवळात कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने आपला प्रश्न देवीला ऐकवायचा, आणि वाट बघायची. देवीच्या उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझा यावर विश्वास होता का? खरं सांगायचं तर विश्वास ठेवण्याइतकीही ताकद उरली नव्हती. कुणीतरी माझ्याबद्दल एकदाचं काय ते सांगून टाकावं, एवढंच हवं होतं. टमटमने सकाळी पोचलो. मामा कामावर गेला होता, मग एकटाच देवळात गेलो.

माझ्या पुढे एक बाई होती. वयाने माझ्या आईपेक्षा मोठी, हातात कापडी पिशवी. तिचा प्रश्न म्हशीचा होता. म्हैस विकायची की ठेवायची? गुरवबाबांनी गाऱ्हाणं घातलं आणि बाई बसल्या जागेवरून देवीलाच दटावू लागली, “लवकर सांग गं आई, मला घरला जायचंय, म्हस वरडत आसंल.” उजवी पाकळी पडली. “इकायची म्हनते,” गुरवबाबा म्हणाले. “मला ठावं व्हतंच,” बाई म्हणाली, “फकस्त तिच्या तोंडून पायजे व्हतं.”

मग माझी पाळी आली. “काय इचारायचंय?” गुरवबाबांनी विचारलं.

मी म्हणालो, “मी शिकण्याच्या लायकीचा आहे का, ते विचारा.”

त्यांनी हातातली पाकळी परत ताटात ठेवली. “असं नाय इचारता येत.”

“का?”

“आरं, काम सांग. करू का नको, जाऊ का नको. आता हिनं काय इचारलं? म्हस इकू का ठेवू. म्हस चांगली का वायट, असं इचारलं का?”

“माजी म्हस चांगलीच हाय,” बाई मागून फणकारली. “दूध देत नाय ती गोष्ट येगळी.”

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. मी खाली बघितलं. मग सावकाश म्हणालो, “पेपर राहिलाय. परत देऊ का, तेवढं विचारा.”

पाकळ्या लागल्या. गुरवबाबांनी गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या जागच्या हलेनात. कौल मिळेपर्यंत उठायचं नसतं, म्हणून मी भिंतीला टेकून बसलो. ऊन पायरीवर आलं. गुरवबाबा खांबाला टेकले. बाईचं काम झालं होतं, तरी ती गेली नाही. म्हटलं, “मावशी, तुमची म्हैस ओरडत असेल.” ती म्हणाली, “वरडू दे. कौलाला येकट्यानं बसू नये.” तिने मला नाव विचारलं नाही, कितवीला आहे विचारलं नाही, किती मार्क पडले हे तर नाहीच. विहिरीवरून पाणी आण म्हणाली, ते आणून दिलं. ते पिऊन ती तिच्या म्हशीच्या खोड्या सांगत बसली. ती काय बोलत होती ते हळूहळू लांबून ऐकू येऊ लागलं.

मला झोप लागली. देवीसमोर, थंड फरशीवर, प्रश्न अर्धवट टाकून मी झोपलो. महिनोन्महिने जी झोप घरच्या अंथरुणावर येत नव्हती ती तिथे आली.

जागा झालो तेव्हा ऊन उतरलं होतं. डोक्याखाली घडी केलेली कापडी पिशवी होती. शेजारी फडक्यात गुंडाळलेली भाकरी आणि वालाची उसळ होती. मूर्तीकडे बघितलं. दोन्ही खांदे मोकळे होते, दोन्ही पाकळ्या खाली पडलेल्या.

मी घाबरून विचारलं, “बाबा, आधी कुठली पडली?”

गुरवबाबा ओशाळले. “मला बी डुलकी लागली रं. उठून बगतो तर दोनी खाली. तुजी मावशी जागी व्हती, तिनं बगितलं आसंल.”

“ती माझी मावशी नाही.”

“मंग? मला तर म्हनली, भनीचा पोरगा हाय, लय दमलाय, उठवू नको.”

“काही सांगून गेली का? कौलाचं?”

“कौलाचं नाय. उठला की जेव म्हनाव, येवढंच.”

मी दारापर्यंत धावत गेलो. रस्त्यावर कुणी नव्हतं. नंतर मामाकडे चौकशी केली. जिने म्हैस विकायला काढली आहे अशी कुणी बाई त्याला माहीत नव्हती, पण आजूबाजूच्या वाड्यांतून माणसं कौलाला येतच असतात, तो म्हणाला. मीही जास्त शोधलं नाही. ती कोण होती यावर मला काही म्हणायचं नाही. पोटात भूक होती आणि समोर भाकरी होती, ती मी खाल्ली. गुरवबाबांनी पुन्हा कौल लावू का म्हणून विचारलं. मी नको म्हणालो.

परतीच्या टमटममध्ये बसून एकच गोष्ट मनात येत होती. मी देवीकडे माझी किंमत विचारायला गेलो होतो, आणि तिथे कुणीच ती सांगायला तयार नव्हतं. गुरवबाबांनी प्रश्नच परत केला. त्या बाईने मला हुशार म्हटलं नाही की ढ म्हटलं नाही, ‘दमलाय’ म्हटलं. ते मात्र अगदी खरं होतं, आणि माझ्याबद्दल ते कुणी ओळखलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही. दमलेल्याला झोप द्यावी आणि भुकेल्याला भाकरी, त्यासाठी त्याची लायकी बघू नये, हे ज्या घरात चालतं त्या घरात मी काही तास राहून आलो. कृपा म्हणजे याहून वेगळं काही असेल तर मला ठाऊक नाही. उत्तर मिळालं, पण मी ते पाहिलं नाही. ते देवीजवळ आहे. ते तिच्याजवळ असलं तरी चालतं, हे मला पहिल्यांदाच पटलं.

मी पुन्हा अभ्यासाला बसलो. वर्गात उभा राहून म्हणालो, “सर, सर्किटचं अजून समजलं नाय.” कुणी हसलं का, ते मी वळून पाहिलं नाही. पेपर दिला. थकवा पूर्ण गेलेला नाही, अजूनही काही सकाळी अंग जड असतं. पण आता जड असतं ते फक्त अंग. मी देवीचा आणि त्या मावशीचा ऋणी आहे. एवढंच लिहायचं होतं.

हे लिहून ठेवलं होतं, आणि आज दुपारी भिसेगावच्या मित्राचा फोन आला. आम्ही खळ्यावर भात झोडत होतो. तो आधी नुसताच “हॅलो, हॅलो” करत राहिला. मग म्हणाला, “निकाल लागला. माझा सुटला रे. तुझा... तुझा राहिला.” मी म्हणालो, “अरे वा, तुझा सुटला!” आणि ते मी मनापासून म्हणालो. आईने विचारलं तेव्हा सांगितलं, पेपर राहिला, परत देणार आहे. संध्याकाळी हात धुऊन हे लिहिलेलं काढून पहिल्यापासून वाचलं. त्यातला एकही शब्द बदलावासा वाटला नाही.