एका हंगामाचे आतोबा

“पाच वर्षं? अरे, पाच वर्षांत लोक मंत्री होऊन परत शेतावर येतात. ठेव ते पेन खाली!”

सातपूरच्या कारखान्याच्या ऑफिसात आतोबा ओरडत होते आणि सही करायला वाकलेलो मी तसाच वाकून राहिलो होतो. वय वीस, हॉकीत उजव्या कडेनं पळणारा राइट आउट. समोर दोन कागद. एकात पाच वर्षं कारखान्याच्या संघाकडून खेळायचं आणि नोकरी कायम. दुसऱ्यात पगार जास्त, पण नोकरी एका हंगामापुरती.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान आणि हॉकीतले माझे गुरू. लांबच्या मुदतीला इतका भिणारा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नाही. बसचा महिन्याचा पास त्यांनी जन्मात काढला नाही. शिंप्याकडे सदरा टाकला की आधी एक बाही शिवून घेत, पसंत पडली तर दुसरी. विम्याचा एजंट वीस वर्षांची पॉलिसी घेऊन आला, तर त्याला म्हणाले, “सध्या बुधवारपर्यंतचा काढा, मग बघू.” तो बिचारा त्यानंतर गंगापूर रोडला जायचं झालं तरी आतोबांचं घर टाळायला लांब घोटीवरून वळसा घालून जाई. दर दिवाळीला फराळाचं ताट पुढ्यात आलं की ते आत्याला गंभीरपणे विचारत, “काय, पुढचा हंगाम ठेवता का आम्हाला?” चकल्यांचा डबा बंद करत आत्या म्हणे, “ठेवते. चहा गार होतोय.” त्यांचं लग्न असं बावीस वर्षं हंगामी तत्त्वावर टिकून होतं.

“बाळ्या, पाय पळतायत तोवर दर वर्षी नवा भाव,” असं आतोबा म्हणाले आणि मी एका हंगामाची सही केली. पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी माझा भाव असा चढवला की कारखान्याच्या साहेबांनी प्यायला पाणी मागवलं. तिसऱ्या वर्षी मी गोलरक्षकावर जाऊन आदळलो आणि गुडघा गेला. हंगामाबरोबर कागदही संपला आणि नोकरीही. घोटीला भातगिरणीत राबणाऱ्या वडिलांना हे कसं सांगावं, ते मला सुचेना.

आतोबा पंधरा दिवस मैदानाकडे फिरकले नाहीत. शेजारीपाजारी तब्येतीची चौकशी करून गेले. मग एका सकाळी ते एकटेच सातपूरला गेले. कायमचे कोच म्हणून या, असं कारखाना त्यांना कधीचा म्हणत होता. हे मात्र एकेका हंगामापुरतेच जात. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून पाच वर्षांचा कागद मागितला. अट एकच, मला स्टोअरमध्ये कायम करायचं. साहेबांनी म्हणे मुदत दोनदा वाचून दाखवली, न जाणो, ऐकण्यात चूक व्हायची. त्या स्टोअरच्या किल्ल्या पुढं कितीतरी वर्षं माझ्या कमरेला होत्या.

संध्याकाळी त्यांनी कागद आत्यासमोर ठेवला.

“पाच वर्षांची सही करून आलो,” ते म्हणाले.

आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मग आता पाच दिवाळ्या विचारू नका.”